तारीख वाचणारा पार्सर आणि त्याचे अंदाज

समजा, तुमच्यासमोर अर्जांची एक फाइल आहे आणि तिच्यात एका विद्यार्थिनीची जन्मतारीख ०२/१०/२००५ अशी लिहिली आहे. तुम्ही भारतात शिकलात, त्यामुळे लगेच २ ऑक्टोबर म्हणाल. पायथनमधल्या डेट-यूटिल या लायब्ररीला हीच अक्षरे द्या. ती तितक्याच सहजपणे १० फेब्रुवारी म्हणेल. शंका विचारणार नाही, इशारा देणार नाही. आता एखाद्या भरतीची अट अशी धरा की १ एप्रिल २०२६ रोजी उमेदवाराची २१ वर्षे पूर्ण झालेली नसावीत. २ ऑक्टोबरला जन्मलेली मुलगी त्या दिवशी २० वर्षांची असते, १० फेब्रुवारीला जन्मलेली २१ वर्षांची. मुलगी एकच, पण एका वाचनात पात्र आणि दुसऱ्यात अपात्र. तिला बाद करायचे कुणाच्या मनात नव्हते, आणि चूक झाल्याची नोंद कुठल्याच लॉगमध्ये सापडणार नाही.

पार्सर कसा बांधतात हे तुम्ही कंपायलरच्या विषयात शिकताच. या टिपणात मला वेगळे काम करायचे आहे: तारखा वाचणारी जी साधने तुम्ही प्रोजेक्टमध्ये एका ओळीत आयात करता, त्यांच्याकडे टीकेच्या नजरेने बघायचे आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. यांतल्या बहुतेक साधनांचा मूळ दोष गणिताचा नाही. कसेही करून उत्तर द्यायचेच, ही त्यांची सवय हा मूळ दोष आहे.

डेट-यूटिलपासूनच सुरुवात करू, कारण ती मनापासून लिहिलेली लायब्ररी आहे आणि तिच्यावर टीका करणे म्हणूनच उपयोगाचे आहे. गुस्ताव्हो निमायर यांनी ती २००३ मध्ये सुरू केली. तिच्या पार्सरला फॉरमॅट सांगावा लागत नाही. अक्षरे दिली की तो त्यांचे तुकडे पाडतो, कुठला तुकडा वर्ष असेल, कुठला महिना असेल याचा हिशेब लावतो आणि तारीख हातात ठेवतो. ईमेलच्या मथळ्यातली तारीख, सर्व्हरच्या लॉगमधली तारीख, माणसाने गप्पांच्या ओघात टाइप केलेली तारीख, असा बाजारातला सगळा माल एकाच चाळणीतून काढायचा असेल तर हे कौतुकाचे काम आहे. अडचण अशी की तुम्ही ती चाळणी अर्जांच्या फाइलला लावता.

तीन आकडे समोर आले आणि पहिला १२ किंवा त्याहून लहान असला, तर ही लायब्ररी त्याला महिना धरते. पहिला आकडा १३ किंवा त्याहून मोठा असला, तर तो महिना असूच शकत नाही, म्हणून दिवस धरते. म्हणजे एकाच स्तंभात १२/०२/२०२४ ही २ डिसेंबर होते आणि तिच्या खालची १३/०२/२०२४ ही १३ फेब्रुवारी. लागून आलेल्या दोन दिवसांमध्ये जवळजवळ दहा महिन्यांचे अंतर पडते आणि दोन्ही ओळी बिनतक्रार पुढे सरकतात. प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे पाहिली तर उत्तर पटण्यासारखेच आहे. स्तंभ म्हणून पाहिला तर तो निव्वळ भेसळ आहे.

यावर विद्यार्थी लगेच सांगतात, ‘सर, डे-फर्स्ट नावाचा पर्याय आहे ना!’ आहे, आणि ०२/१०/२००५ पुरता तो बरोबर चालतो. पण त्याचा अर्थ काय, तो नीट बघा. दिवस आधी येतो अशी ती आज्ञा नाही. जमल्यास दिवस आधी धर, एवढाच त्याचा अर्थ आहे. हा पर्याय चालू असतानाही ०२/१३/२०२४ दिली की पार्सर खुशाल १३ फेब्रुवारी देतो. याहून वाईट पुढे आहे. त्याच फाइलमध्ये एखादी तारीख २०२४-०२-०३ अशी आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आली, तर डे-फर्स्ट चालू असल्यामुळे ती ३ फेब्रुवारीऐवजी २ मार्च वाचली जाते, म्हणजे वर्ष, दिवस, महिना या क्रमाने. जगात कोणी असा क्रम व्यवहारात वापरताना मी पाहिलेले नाही. जी लेखनपद्धती गोंधळ टाळण्यासाठीच ठरवली गेली, तीच या पर्यायाने गोंधळाची होते.

किती तारखांना हा धोका आहे, याचा हिशेब तुम्ही स्वतः करू शकता. दिवस आणि महिना दोन्ही १२ च्या आत असलेल्या तारखा वर्षात बारा गुणिले बारा, म्हणजे १४४. त्यांतल्या ०१/०१, ०२/०२ अशा बारा तारखा कशाही वाचल्या तरी सारख्याच. उरल्या १३२. वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी एक तृतीयांशाहून जास्त दिवस असे, की चुकीचे वाचन झाले तरी कळणार नाही. आपली चाचणीची सवय तर या चुकीला पाठीशीच घालते. प्रोजेक्टच्या चाचणीत विद्यार्थी हमखास १५/०८ आणि २६/०१ घालतात. या दोन्ही तारखा दोन अर्थांनी वाचताच येत नाहीत, त्यामुळे कार्यक्रम पास होतो. तिसरा राष्ट्रीय सण, गांधी जयंती, घातला असता तर पहिल्याच दिवशी बिंग फुटले असते.

आता रिकाम्या जागांकडे बघा. ‘मार्च २०२४’ एवढेच लिहिलेले असेल तर डेट-यूटिल दिवसाच्या जागी आजचा दिवस घालते. आज महिन्याची ९ तारीख असेल तर उत्तर ९ मार्च २०२४, आणि उद्या तोच कार्यक्रम चालवला तर १० मार्च. इनपुट तेच, कोड तोच, उत्तर मात्र रोज नवे. अशा कार्यक्रमाची चाचणी कशी लिहिणार? आणि मजकुरातून तारीख शोधण्यासाठी फझी नावाचा पर्याय चालू केलात, तर ‘मी १२ ला येईन बहुधा’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्यातला ‘मे’ हा शब्द मे महिना ठरतो आणि १२ मे हाती लागतो.

आपल्याकडे याचा एक खास नमुना आहे. भारतात आर्थिक वर्ष किंवा शैक्षणिक वर्ष २०११-१२ असे लिहितात. पार्सरला यात वर्ष २०११ आणि महिना १२ दिसतो, म्हणजे डिसेंबर २०११. २०००-०१ चा जानेवारी २००० होतो, २००१-०२ चा फेब्रुवारी २००१, आणि असेच पुढे बारा वर्षे. २०१२-१३ ला तेरावा महिना नसल्यामुळे कार्यक्रम अडतो. कोणी सरकारी आकडेवारीचा जुना तक्ता वाचत असेल तर त्याला वाटेल की बिघाड २०१२-१३ च्या ओळीत आहे. खरे तर ती एकच ओळ प्रामाणिक आहे. बिघाड तिच्या आधीच्या बारा ओळींत आहे.

पांडाज ही लायब्ररी तुम्ही डेटा सायन्सच्या प्रत्येक पाठात वापरता. तिच्यातही बराच काळ ओळीगणिक अंदाजाचीच पद्धत होती. एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीत त्यांनी ती बदलली. आता पहिल्या नोंदीवरून फॉरमॅट ठरतो आणि तोच संपूर्ण स्तंभाला लागू होतो. एखादी ओळ बसली नाही तर एरर येते. जुना कोड त्या दिवशी अनेकांचा मोडला असणार आणि त्यांनी कपाळाला आठ्याही घातल्या असतील. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. फॉरमॅट ही स्तंभाची गोष्ट आहे, एकट्या ओळीची नाही, हे त्यांनी मान्य केले.

पण अर्धेच काम झाले. फॉरमॅट अजूनही पहिल्या नोंदीच्या अंदाजावर उभा आहे, आणि संदिग्ध असेल तर कल अमेरिकी क्रमाकडे, म्हणजे महिना आधी. समजा, कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला जातो. स्तंभात ०५/०१, ०५/०२, ०५/०३ असे ०५/१२ पर्यंत बारा हप्ते आहेत. १२ च्या वरचा आकडा कुठेच नाही, त्यामुळे एररही कुठेच नाही. पार्सर हे बारा हप्ते १ मे ते १२ मे असे लागोपाठच्या बारा दिवसांचे वाचतो. आलेख काढलात तर तो सरळ, सुंदर दिसेल. पगाराचे, भाड्याचे, वीजबिलाचे स्तंभ असेच असतात. पैशाच्या व्यवहारातल्या नियमित तारखाच या सापळ्यात पुऱ्या अडकतात, कारण त्या नियमित असतात.

जावाची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. तिथे फॉरमॅट तुम्हालाच सांगावा लागतो, म्हणून ती सुरक्षित वाटते. पण जुना सिंपल-डेट-फॉरमॅट हा वर्ग मुळात ढिला ठेवलेला आहे. त्याला दिवस-महिना-वर्ष असा फॉरमॅट सांगून ०२/१३/२०२४ दिलीत तर तो तक्रार करत नाही. तेरावा महिना म्हणजे पुढच्या वर्षाचा पहिला, असा हिशेब करून २ जानेवारी २०२५ देतो. २०१४ मध्ये जावा ८ बरोबर जे नवे तारखांचे पॅकेज आले, ते मी आतापर्यंत शिकवलेल्यांपैकी सर्वांत विचारपूर्वक रचलेले आहे. निव्वळ तारीख, निव्वळ वेळ आणि कालरेषेवरचा एक क्षण यांना त्यात वेगवेगळे प्रकार आहेत. तरी त्याचीही मूळ निवड ‘स्मार्ट’ अशी आहे, आणि या हुशारीचा अर्थ असा की ३१ जून दिली तर ३० जून मिळते. ३१ जून असे कोणी लिहिले असेल तर त्याने दिवस चुकवला की महिना, हे पार्सरला कसे कळणार? ‘स्ट्रिक्ट’ पर्याय निवडला की ही तारीख नाकारली जाते. मात्र त्या वेळी फॉरमॅटमध्ये वर्षासाठी नेहमीचे वाय हे अक्षर चालत नाही, यू लिहावे लागते. वाय म्हणजे शकासह येणारे वर्ष, आणि शक न सांगितल्यामुळे तारीख पुरी होत नाही. शिस्तीने वागू पाहणाऱ्यालाच जास्त अडवणारी ही रचना मला खटकते.

तारीख आणि क्षण यांची गल्लत जावास्क्रिप्टमध्ये बघा. २०२४-०३-१५ ही अक्षरे तिथे ग्रीनिचच्या मध्यरात्रीची धरली जातात. भारतात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, तारीख १५ च राहते, आणि म्हणून भारतात बसून चाचणी करणाऱ्याला दोष दिसत नाही. न्यूयॉर्कमध्ये बसलेल्याला १४ दिसते. उलट बाजूने मात्र फटका आपल्यालाच बसतो: भारतातल्या १५ मार्चच्या मध्यरात्रीचा क्षण मानक पद्धतीने लिहून काढला की १४ मार्च, १८:३० असा उतरतो. शेवटचा भाग कापून फक्त तारीख साठवली की जन्मदिवस एक दिवस मागे. याच भाषेचा पार्सर क्रोममध्ये इतका उदार आहे की इंग्रजीत ‘मार्केट १२’ दिले तर १२ मार्च २००१ मिळते, कारण पहिली तीन अक्षरे महिन्याशी जुळली आणि वर्ष त्याने पदरचे घातले. पत्त्याच्या स्तंभातून तारखा निघू लागल्या तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही, याला जीवशास्त्रातला पुरावा आहे. एक्सेल ‘मार्च-१’ आणि ‘सेप्ट-१’ यांसारख्या जनुकांच्या नावांच्या तारखा करत असे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशात अशा चुका आढळल्या. अखेर २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या समितीने त्या जनुकांची नावेच बदलली. तारखेच्या अंदाजापुढे विज्ञानाला आपली परिभाषा वाकवावी लागली.

दोन अंकी वर्षाबद्दल थोडक्यात. पेन्शनच्या जुन्या रजिस्टरात जन्मवर्ष नुसते ५५ असेल, तर पायथनचा मूळ पार्सर ६८ पर्यंतचे आकडे या शतकात ढकलतो, म्हणून २०५५. जावाचे नवे पॅकेज नेहमीच्या दोन अंकी फॉरमॅटला २०५५ म्हणते, जुना वर्ग १९५५ म्हणतो. एक्सेल मूळ मांडणीत ३० पासून पुढचे आकडे मागच्या शतकात टाकते, म्हणून १९५५. जन्मतारीख भविष्यात असू शकत नाही, ही साधी गोष्ट यांतल्या एकालाही माहीत नाही आणि माहीत असायचे कारणही नाही. ती तुम्हाला माहीत आहे. ती कोडमध्ये लिहायचे काम तुमचे.

आता आपल्या लिप्यांकडे वळू. युनिकोडच्या प्रादेशिक माहितीकोशात मराठीसाठी मूळ अंक देवनागरी ठरवले आहेत आणि हिंदीसाठी रोमन. लिपी एकच, अंक वेगळे. म्हणून ब्राउझरला भाषा मराठी सांगून तारीख छापायला लावली की देवनागरी आकड्यांत येते, आणि हिंदी सांगितली की रोमन आकड्यांत. गंमत अशी की ब्राउझरने स्वतः छापलेली मराठी तारीख त्यालाच परत वाचायला दिली तर तो ती अवैध ठरवतो. लिहिता येते, वाचता येत नाही! पायथनचे वागणे आणखी मजेशीर आहे. देवनागरी आकड्यांचा पूर्णांक तो बिनचूक करतो. पण त्याच्या प्रमाणित तारीख-पार्सरच्या बऱ्याच आवृत्त्यांमध्ये वर्ष देवनागरीत चालते आणि दिवस चालत नाही, कारण वर्षाच्या नियमात ‘कोणताही अंक’ असे लिहिले आहे आणि दिवसाच्या नियमात रोमन अंकांची कक्षा हाताने घातलेली आहे. कोणी ठरवून केलेला हा भेदभाव नाही. भारतीय लिपीतली तारीख चाचणीत कोणी कधी घातलीच नसावी, एवढेच यावरून दिसते.

महिन्यांच्या नावांतही हेच. ऑगस्ट आणि अगस्त, मे आणि मई, सप्टेंबर आणि सितंबर ही शेजारच्या दोन भाषांतली जोडपी एका तक्त्यात घालता येतील. पण ‘ऑ’ हे एकच अक्षर एका कोडने टाइप करता येते, किंवा ‘अ’ ला वेगळी मात्रा जोडून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, आणि युनिकोडचे प्रमाणीकरण त्यांना एक करत नाही. डिसेंबर आणि डिसेम्बर, तारखेआधीचे ‘दि.’, मागचे ‘रोजी’, हे सगळे आपल्याकडच्या कागदांवर रोज येते. इथे मेहनत घ्यावी लागते, पण ही मेहनत सरळ आहे. अंदाजाचा प्रश्न नाही, यादीचा आहे.

खरा अंदाजाचा प्रश्न पंचांगाचा. ‘१ चैत्र १९४६’ म्हणजे कोणता दिवस? मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून लागू झालेले राष्ट्रीय पंचांग धरले, तर २१ मार्च २०२४. त्याचे रूपांतर चार ओळींच्या अंकगणिताने होते. पण ‘चैत्र शुद्ध १’ म्हटले तर तो गुढीपाडवा, ९ एप्रिल २०२४. महिन्याचे नाव तेच, शक तोच, अंतर १९ दिवसांचे. त्यात महाराष्ट्रात आणि गुजरातेत महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. म्हणून कृष्णजन्माष्टमी मराठी पंचांगात श्रावण वद्य अष्टमी असते आणि उत्तरेकडच्या पंचांगात तीच भाद्रपद कृष्ण अष्टमी. वाराणसीच्या आणि साताऱ्याच्या कागदावर दोन वेगळे महिने लिहिलेले असतील आणि दिवस एकच असेल. विक्रम संवत उत्तरेत चैत्रात बदलतो, गुजरातेत दिवाळीनंतर. यात अधिक मास आहेत, क्षय आणि वृद्धी तिथी आहेत. म्हणून तिथी वाचण्याची सोय सामान्य तारीख-पार्सरमध्ये ‘जाता जाता’ घालू नये, असे माझे ठाम मत आहे. तिथीचा प्रकार वेगळा ठेवा, सोबत प्रांत आणि पंचांग मागा, आणि ते नसतील तर रूपांतर करू नका.

मग पार्सर कसा असावा? त्याने तीन प्रकारची उत्तरे द्यावीत: ही तारीख, ही तारीख नाही, आणि ही दोनपैकी एक आहे, दोन्ही अशा. हे तिसरे उत्तर वर पाहिलेल्या साधनांपैकी एकातही नाही, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे. कुठला क्रम लागू होतो ही माहिती अक्षरांमध्ये नसतेच. ती फाइल कोणी पाठवली, कुठल्या कार्यालयातून, कुठल्या यंत्रावरून आली, यात असते. तेव्हा ती फाइलसोबत मागितली पाहिजे, पार्सरच्या आत उकरून काढता येणार नाही. संपूर्ण स्तंभ वाचून एकच क्रम सगळीकडे बसतो का, हे तपासता येते. बसला तर स्वीकारा. हप्त्यांसारखे दोन्ही बसले तर थांबा आणि विचारा. अर्ज ऑनलाइन भरला जात असेल तर विचारणे आणखी सोपे आहे: उमेदवाराने आकडे टाइप केले की खाली ‘२ ऑक्टोबर २००५’ असे महिन्याच्या नावासह दाखवा. आकडेच पुन्हा आकड्यांत दाखवले तर तपासणारा माणूस तेच वाचेल जे त्याच्या मनात आहे.

आणि मूळ अक्षरे जपा. आपल्याकडे पुष्कळ वयस्कांचे फक्त जन्मवर्ष ठाऊक असते. काहींच्या आधार कार्डावरही तेवढेच छापलेले असते. महाराष्ट्रात शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिलेली एक पिढीच आहे. १ जून निदान एका माणसाने माणसाकडे बघून लिहिला होता. नुसते ‘१९५५’ वाचून पार्सरने घातलेला १ जानेवारी, किंवा आजचा दिवस, ही माहिती कोणी दिलेलीच नव्हती. आयएसओ ८६०१ च्या २०१९ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात दिवस आणि महिना अज्ञात आहेत असे लिहिण्याची सोय आहे, वर्ष अंदाजे आहे अशी खूण करण्याचीही. ती डेटाबेसच्या नेहमीच्या तारीख-स्तंभात मावत नाही, म्हणून सोबत आणखी दोन स्तंभ ठेवावे लागतात: एक मूळ मजकुराचा, दुसरा अचूकता किती आहे त्याचा. तोंडी परीक्षेत मी हे दोन स्तंभ कुठे आहेत असे विचारतो, तेव्हा बहुतेक गट साठवणीचा खर्च वाढेल असे सांगतात. दहा लाख नोंदींना प्रत्येकी वीस बाइट धरले तर तो वीस मेगाबाइट होतो. मोबाइलवरचा एखादा छोटा व्हिडिओ याहून जास्त जागा घेतो.